दहा एकर आणि एक टक्का

बापूचा फोन सहसा रात्री जेवणं झाल्यावर येतो. त्या दिवशी भर दुपारी आला, तेव्हा काहीतरी झालंय हे मी समजले. पण झालं काहीच नव्हतं. गावात एक माणूस आला होता, पांढऱ्या गाडीतून, सातबाऱ्यांच्या झेरॉक्स घेऊन. त्याला सौर प्रकल्पासाठी जमीन हवी होती. आमच्या माळावरची दहा एकर त्याला पसंत पडली होती. उपकेंद्र तीन किलोमीटरवर, रस्ता लागून, जमीन सपाट आणि मुरमाड. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी जमीन सगळ्यात टाकाऊ तीच यांना सगळ्यात आवडते.

"जमीन देवानी का नही, तू सांग. तू बँकमा व्हती," बापू म्हणाला.

मी बँकेत होते, हे खरं आहे. बावीस वर्षं, त्यातली सतरा प्रकल्प-कर्जांच्या विभागात. पवनचक्क्या, उसाच्या कारखान्यांची सहवीज, नंतर सौर. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातून निघून मी मुंबईला ज्या टेबलाशी पोचले, त्या टेबलावर असे प्रकल्प कागद होऊन येत. प्रत्येक फाइलमध्ये 'जमीन' नावाचं एक पान असायचं. किती एकर, मालकीची की भाडेपट्ट्याची, वाद आहे की नाही. बहुतेक वेळा उत्तर एकच: वाद नाही. मी त्याखाली सही करायचे आणि पुढच्या पानावर जायचे, कारण खरा जीव पुढच्या पानांत असतो असं आम्हाला शिकवलं होतं.

बापूला माझा सल्ला हवा होता आणि सहीसुद्धा. आप्पा गेले तेव्हा वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं. हक्कसोड करून देण्याचा विषय दोन-तीनदा निघाला होता. मी नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. आता भाडेपट्ट्यावर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागणार म्हणून तो विषय पुन्हा वर आला. तो काही बोलला नाही, पण आला.

मी त्याला म्हटलं, "कराराचा मसुदा पाठव, मग बोलू."

मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. छत्तीस पानं, इंग्रजीत. ज्याच्याकडून सही घ्यायची त्याला न वाचता येणारी भाषा, हे आपल्याकडे कुणाला खटकत नाही. मला मात्र ती भाषा फार ओळखीची होती. पान एकोणीसवर कलम होतं: कंपनीला या भाडेपट्ट्याचा हक्क कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गहाण ठेवता येईल, जमीनमालकाची त्याला आगाऊ संमती आहे असं समजलं जाईल. पुढचं कलम: कंपनीने भाडं थकवलं तरी मालकाने करार रद्द करण्यापूर्वी कर्ज देणाऱ्या संस्थेला नोटीस द्यायची, तिला कंपनीच्या जागी उभं राहण्याची संधी द्यायची, आणि त्यासाठी एकशे ऐंशी दिवस थांबायचं.

हे कलम मी ओळखत होते. सतरा वर्षं मी तेच मागत आले होते. ते नसेल तर कर्ज मंजूर होत नाही, असं मी कितीतरी कंपन्यांच्या तरुण वकिलांना सुनावलं होतं. एकशे ऐंशी दिवस कोण थांबणार, त्या दिवसांत तो काय खाणार, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता थांबणारा बापू होता.

*

माझ्या हाताखालून गेलेला पहिला प्रकल्प पवनचक्कीचा. 'प्रकल्प' हा फार मोठा शब्द झाला. एकच चक्की होती. मालक एक कापडव्यापारी. साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या बाजूला तेव्हा चक्क्यांची रांग उभी राहत होती. मी त्या गृहस्थांना विचारलं, जागा पाहिलीत का? ते हसले. म्हणाले, "मॅडम, मला वारा नको, घसारा पाहिजे." त्या काळी पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवता यायचा. त्याआधी, नव्वदच्या दशकात, तर शंभर टक्के. ज्याचा कापडात नफा जास्त, त्याने चक्की घ्यावी आणि तेवढा कर वाचवावा. सरकारने पैसा दिला नाही, पण येणारा कर सोडला, म्हणजे दिलाच. सातारच्या वनकुसवड्याच्या पठारापासून तमिळनाडूपर्यंत हजारो चक्क्या अशा उभ्या राहिल्या. त्या फिरल्या किती, हा प्रश्न दुय्यम होता, कारण सवलत चक्की उभी करण्यावर होती, वीज काढण्यावर नव्हती. २००९ च्या शेवटी केंद्राने युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा विजेला भाव आला. २०१२ मध्ये दोन्ही सवलती गेल्या, आणि पुढच्या वर्षात नव्या चक्क्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ज्याला आम्ही 'खासगी गुंतवणूक' म्हणत होतो, ती सरकारी पैशाच्या आधारावरच उभी होती. टेकू काढला की वाकणार.

उलट उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातलं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. त्याला केएफडब्ल्यू या जर्मनीच्या सरकारी विकास बँकेचं कर्ज होतं. आमच्या विभागात तेव्हा त्याचं थोडं वैषम्य वाटायचं. आम्ही बारा-साडेबारा टक्क्यांनी कर्ज द्यायचो आणि हे परदेशी लोक आमच्या निम्म्याहून कमी दराने. पण त्यातही एक मेख असते. ते कर्ज परकी चलनात फेडायचं असतं. २०१२ च्या सुरुवातीला डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे गेला. वीज विकायची रुपयांत आणि हप्ता भरायचा युरोत किंवा डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरण्याचा धोका कुणीतरी घ्यायला हवा. तो सरकारने घेतला तर कर्ज स्वस्त राहतं. प्रकल्पाने विमा काढल्यासारखं संरक्षण विकत घेतलं, तर स्वस्त व्याजातला बराच भाग त्यातच जातो. स्वस्त पैसा स्वस्त का आहे, हे विचारायची सवय मला तिथून लागली.

*

बापूसाठी मी एक हिशेब मांडला. जुन्या सवयीने एक्सेलमध्ये, मग त्याला कळावा म्हणून वहीच्या पानावर, फोटो काढून पाठवता येईल असा.

मेगावॉटला चार एकर धरले तर आमच्या दहा एकरांवर अडीच मेगावॉट. खर्च मेगावॉटला चारेक कोटी, म्हणजे दहा कोटी. कुसुम योजनेतून कृषी वाहिनीच्या सौरीकरणासाठी केंद्राचं अनुदान मेगावॉटला १ कोटी ५ लाखांपर्यंत; ते धरलं तर उरले साडेसात कोटींच्या आत. त्यातलं तीन चतुर्थांश कर्ज, म्हणजे साधारण साडेपाच कोटी. वीज वर्षाला चाळीस-एकेचाळीस लाख युनिट, दर तीन रुपयांच्या आसपास. उत्पन्न सव्वा कोटी. नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज पन्नास लाख.

आणि आमचं भाडं? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाखाचा दर ठरलेला आहे. गाडीवाल्या माणसानेही तोच सांगितला होता. दहा एकर म्हणजे चार हेक्टर. पाच लाख.

हे पान मी बराच वेळ बघत बसले. सव्वा कोटीतले पन्नास लाख व्याजाला, पाच लाख जमिनीला. आणि साडेपाच कोटींवरचा एक टक्का म्हणजे साडेपाच लाख. म्हणजे बँकेने व्याजदर नवाचा आठ केला, तर जी बचत होते त्यात आमच्या जमिनीचं वर्षाचं भाडं दुप्पट करता येईल. आणि बँकेने तो नवाचा दहा केला, तर कंपनी पहिला हात भाड्याला घालेल, कारण पॅनेलचा भाव चीनमध्ये ठरतो, विजेचा दर निविदेत ठरून गेलेला, आणि घासाघीस करण्याजोगं फक्त आम्हीच उरतो.

मी कितीदा एक टक्का वाढवला असेल! जोखीम समितीपुढे प्रकरण जायचं. कुणीतरी म्हणायचं, राज्य वीज वितरण कंपनी पैसे वेळेवर देत नाही, पाऊण टक्का वाढवा. जमीन पूर्ण ताब्यात नाही, पाव वाढवा. झाला एक टक्का. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था गेली काही वर्षं सांगते आहे की विकसनशील देशांत सौर प्रकल्पाच्या भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून जास्त पडतो. ऊन आमच्याकडे जास्त, पॅनेल तेच, मजुरी कमी, आणि तरी पैसा महाग. हा 'महाग' म्हणजे आमच्यासारख्यांनी बैठकीत केलेली पाव-पाव टक्क्यांची बेरीज.

ती बेरीज खोटी होती असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ च्या मेमध्ये आंध्र प्रदेशात नवं सरकार आलं आणि जुलैमध्ये ते आधीच्या सरकारने केलेले पवन व सौर वीजखरेदीचे करार पुन्हा तपासायला निघालं. दर कमी करा, नाहीतर करार रद्द. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, २०२२ च्या मार्चमध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. मधली अडीच-पावणेतीन वर्षं त्या प्रकल्पांची कर्जं सांभाळणाऱ्या लोकांची झोप उडाली होती. त्यांतली एक मी. पंचवीस वर्षांचा करार पाच वर्षांच्या सरकारने मोडला की पुढच्या प्रत्येक राज्यातल्या प्रत्येक प्रकल्पाचा तो पाव टक्का वाढतो. आंध्रच्या निर्णयाची किंमत कुठल्या तरी तिसऱ्याच जिल्ह्यातला शेतकरी भाड्यात मोजतो, आणि त्याला ते कधी कळत नाही.

हे उलट्या दिशेनेही घडवता येतं, हे रीवाने दाखवलं. मध्य प्रदेशातल्या त्या ७५० मेगावॉटच्या प्रकल्पाच्या लिलावात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला. आमच्या विभागात तो आकडा ऐकून लोक हसले होते. हे बुडणार म्हणाले. पण कागद नीट वाचले तेव्हा त्यातली मेहनत दिसली. जमीन आधी ताब्यात घेतलेली. आतले रस्ते, वाहिन्या, उपकेंद्रं यांसाठी जागतिक बँकेचं कर्ज. वितरण कंपनीने पैसे थकवले तर आधी एक राखीव निधी, तोही संपला तर राज्य सरकारची हमी. आणि ग्राहकांत दिल्ली मेट्रो, जी रोज तिकिटाचे रोख पैसे गोळा करते. सरकारने फार पैसा ओतला नव्हता. खासगी बँकेला ज्या तीन-चार गोष्टींची भीती वाटते, त्या एकेक करून स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या. दर आपोआप उतरला. या क्षेत्रात सरकारी पैशाचं खरं काम मला तरी हेच वाटतं. पॅनेल विकत घ्यायला खासगी पैसा पुष्कळ आहे.

*

पण भीती कुणाची विचारात घेतली जाते?

२२ जानेवारी २०१८. माझं ऑफिस तेव्हा मंत्रालयापासून पायी पंधरा मिनिटांवर होतं. संध्याकाळी बातमी आली की एका शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतलं. दुसऱ्या दिवशी नाव आलं, धर्मा पाटील. गाव विखरण, तालुका शिंदखेडा. माझा तालुका. वयाने ऐंशी ओलांडलेले. त्यांची पाचेक एकर जमीन वीजप्रकल्पासाठी, नंतर ज्याचा सौर प्रकल्प ठरला त्यासाठी, घेतली होती आणि मोबदला मिळाला होता चार लाखांच्या आसपास. शेजाऱ्यांना कितीतरी पट जास्त मिळाले, मला का नाही, एवढंच ते विचारत होते, कचेऱ्यांमधून, वर्षानुवर्षं. २८ जानेवारीला ते जे. जे. रुग्णालयात गेले.

त्या आठवड्यात माझ्या टेबलावर दुसऱ्या एका राज्यातला सौर प्रकल्प होता. 'जमीन' या पानावर लिहिलं होतं: संपादन पूर्ण, वाद नाही. मी फाइल दोन दिवस तशीच ठेवली. मग खालच्या माणसाला विचारलं, वाद नाही म्हणजे काय तपासलं? तो म्हणाला, न्यायालयात दावा दाखल नाही. बरोबर होतं त्याचं. विखरणच्या म्हाताऱ्याचं नावही अशा पानावर कधी आलं नसतं. मी सही केली. आणखी काय करणार होते? केलं असतं तर ती फाइल दुसऱ्या टेबलावर गेली असती. हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि अजूनही सांगते, पण दरवेळी ते थोडं कमी पटतं.

एका प्रशिक्षणात आम्हाला केनियाचा प्रकल्प अभ्यासाला दिला होता. तुर्काना सरोवराजवळ ३१० मेगावॉट, ३६५ चक्क्या, आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या पवनप्रकल्पांपैकी एक. आफ्रिकी विकास बँकेने पुढाकार घेऊन युरोपातल्या अनेक संस्थांकडून कर्ज उभं केलं होतं. केनियाला एवढी वीज लागली नाही तरी तिचे पैसे भरावे लागतील, या शंकेने जागतिक बँक २०१२ मध्येच बाहेर पडली होती. चक्क्या २०१७ मध्ये तयार झाल्या, पण चारशेहून जास्त किलोमीटरची वाहिनी, जी सरकारने बांधायची होती, ती २०१८ पर्यंत लटकली. करारात लिहिलं होतं म्हणून न वाहिलेल्या विजेबद्दलही केनियाला भरपाई मोजावी लागली. वर्गात सगळी चर्चा त्या वाहिनीवर झाली. जमिनीवर कुणी बोललं नाही, मीही नाही. नंतर, २०२१ मध्ये, मेरूच्या न्यायालयाने निकाल दिला की प्रकल्पाची दीड लाख एकर जमीन ज्या पद्धतीने दिली गेली ती पद्धतच बेकायदा होती. तिथल्या पशुपालकांची ती चराऊ जमीन. मी बातमी वाचली आणि मला त्या वर्गातलं 'जमीन' हे पान आठवलं. अगदी चकाचक पान होतं.

*

बापूला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला प्रकल्प हवा आहे, आणि त्याची कारणं माझ्या कारणांपेक्षा चांगली आहेत. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीची. आप्पा सत्तरीतही रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचे. एकदा पायाजवळून नाग गेला. दुसऱ्या दिवशी ते हसत सांगत होते आणि आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. माळावर पॅनेल लागले की वाहिनीवरच्या सगळ्या शेतांना दिवसा वीज मिळेल, असं योजना सांगते. बापूच्या मुलाला रात्री शेतात जावं लागणार नाही. मी पाव टक्क्याच्या गोष्टी करते तेव्हा मला हेही लक्षात ठेवावं लागतं.

शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे. म्हणजे आमच्या माळावर तयार होणारी वीज आमच्याच विहिरीवर येणार आणि तिचे तीन रुपये सरकार भरणार. राज्य सरकारचं गणित असं, की एरवी शेतीला वीज पोचवायला याच्या दुपटीहून जास्त खर्च येतो, त्यामुळे हे स्वस्तच. गणित बरोबर आहे. फक्त ते सरकारच्या तिजोरीतून वितरण कंपनीकडे, तिच्याकडून प्रकल्पाकडे आणि मग बापूच्या खात्यात एवढं लांबून वाहत येतं, आणि वाटेत कुठेही अडू शकतं. २०२२ च्या उशिरा देयकांवरील अधिभाराच्या नियमांनंतर वितरण कंपन्यांची थकबाकी बरीच खाली आली, हे मी पाहिलं आहे. सौर कंपनीला उशीर झाला तर तिला अधिभार मिळतो. बापूला उशीर झाला तर काय मिळतं, ते छत्तीस पानांत कुठेच नव्हतं.

मग मी माझं पान लिहिलं. मराठीत. भाडं वर्षअखेर नको, वर्षाच्या सुरुवातीला. उशीर झाला तर कंपनीला जो अधिभार मिळतो त्याच दराने व्याज आम्हाला. बँकेला एकशे ऐंशी दिवस नाही, साठ; आणि त्या साठ दिवसांचं भाडं बँकेने भरायचं. भाड्यातली ३ टक्के वाढ मसुद्यात मूळ रकमेवर होती, ती चक्रवाढ हवी. कारण मूळ रकमेवर मोजली तर अठ्ठाविसाव्या वर्षी भाडं नऊ लाखांच्या आसपास जातं, आणि महागाई पाच टक्के धरली तर त्या नऊ लाखांत आजच्या अडीच लाखांचंही सामान येणार नाही. शेवटी लोखंड, काँक्रीट आणि काच काढून जमीन मोकळी करून द्यायची, त्यासाठी पंधराव्या वर्षापासून थोडी रक्कम वेगळी ठेवायची. आणि कराराची मराठी प्रत.

बापूला धास्ती वाटली. "एवढं मांगं तं त्या शेजारनी जमीन लेतीन," तो म्हणाला. भीती खरी होती. शेजारच्या माळालाही रस्ता आहे आणि तिथे बँकेतली बहीण नाही.

पंधरा दिवसांनी गाडीवाला आला, सोबत कंपनीचा एक अधिकारी. आमच्या ओसरीत खुर्च्या टाकून बसलो. भाडं आगाऊ, मान्य. मराठी प्रत, मान्य. उशिरावर व्याज, मान्य, पण त्यांच्या दराने. साठ दिवसांवर तो थांबला. म्हणाला, "मॅडम, बँक ऐकणार नाही." मी म्हटलं, नव्वद तर ऐकेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला ते कसं माहीत, हे त्याने विचारलं नाही. नव्वद झाले. त्या काळातलं भाडं बँक भरणार नाही, यावर तो हलला नाही आणि मलाही ठाऊक होतं की ती भरणार नाही. चक्रवाढ नाही म्हणजे नाहीच. जमीन मोकळी करून देण्याचं वाक्य घातलं, रक्कम वेगळी ठेवणं नाही घातलं. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी ती कंपनी असली तर.

सही करायची की नाही, हे मी रात्री ठरवणार होते, पण त्याआधी शेत बघायला गेलो. माळाच्या उत्तरेच्या बांधावर आप्पांनी लावलेला कडुनिंब आहे. कंपनीच्या नकाशात त्यावर लाल फुली होती. सावली पडते म्हणून तोडायचा. मी अधिकाऱ्याला म्हटलं, झाड उत्तरेला आहे, सावली जास्त करून बांधापलीकडे पडेल. तो म्हणाला, मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला जातो. मी म्हटलं, तेव्हा दुपारची सावली बुंध्याजवळच असते. त्याने फोन काढला, कसलं तरी अ‍ॅप उघडलं, झाडाभोवती एक चक्कर मारली. बापू काही न बोलता बुंध्याला टेकून उभा होता. चार वाजत आले होते आणि सावली पूर्वेकडे लांबत, बांधाच्या कडेने, शेजाऱ्याच्या कपाशीत शिरत होती.

"राहू द्या," अधिकारी म्हणाला, आणि नकाशावरच्या फुलीभोवती पेनाने एक गोल काढला.